मध्यावरचा खळगा

मोटारसायकलचा तोल चालकाचे शरीर सांभाळते असा सर्वसाधारण समज असला, तरी ते काम मुख्यत्वे पुढच्या चाकाच्या वळण्याने होत असते, आणि हे वळणे इतके बारीक व इतके अखंड असते की चालवणाऱ्याला त्याची जाणीवही राहत नाही. दोन चाकांवरचे वाहन सरळ रस्त्यावरून धावते तेव्हा ते क्षणोक्षणी डाव्या किंवा उजव्या अंगाला किंचित कलत असते. ज्या अंगाला ते कलते त्याच अंगाला पुढचे चाक थोडेसे वळते, त्या वळण्याने चाकांचे जमिनीवरचे टेकू पुन्हा गाडीच्या भाराखाली येतात, आणि पडू लागलेले वाहन पडण्याआधीच सावरले जाते. सरळ जाणे हे अशा प्रकारे सतत पडणे आणि सतत सावरणे असते. त्यासाठी लागणारी हँडलची हालचाल एखाद्या अंशाची, पुष्कळदा त्याहूनही कमी असते, आणि या अंशभर हालचालीला वाट मोकळी आहे की नाही यावर वाहनाची सारी चाल अवलंबून असते. ती वाट मोकळी ठेवणारा भाग म्हणजे हँडलच्या दांड्याला वर आणि खाली पेलणारी दोन बेअरिंगे. मालवणातल्या काय किंवा कणकवलीतल्या काय, कोणत्याही गॅरेजमध्ये त्यांना ‘कोन सेट’ म्हणतात.

या तोलाचा गणिती अभ्यास सायकलपासून सुरू झाला. केंब्रिज येथील फ्रान्सिस व्हिपल यांनी १८९९ साली सायकलच्या गतीची समीकरणे मांडली, आणि वेगाच्या ठरावीक मर्यादेत सायकल चालकाच्या मदतीविनाही स्वतःला सावरू शकते हे अशा समीकरणांतून पुढे स्पष्ट झाले. १९७१ मध्ये इंग्लंडमधील रॉबिन शार्प यांनी मोटारसायकलचा असाच विचार केला आणि तिच्या अस्थिरतेचे प्रकार वेगवेगळे करून दाखवले. त्यांतील दोन या विषयाला महत्त्वाचे आहेत. एका प्रकारात संपूर्ण गाडी संथ लयीत नागमोडी डुलत जाते. दुसऱ्यात मागचा भाग जवळजवळ स्थिर राहून फक्त पुढचे चाक आणि हँडल सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा डावी-उजवीकडे थरथरते. पहिल्याला येथे ‘डुलणे’ आणि दुसऱ्याला ‘थरथर’ म्हटले आहे. चाकाच्या फिरण्यातून येणारी भिंगरीसारखी स्थिरता, किंवा चाकाचा टेकू हँडलच्या तिरप्या अक्षाच्या मागे असल्यामुळे येणारी ओढ, यांपैकी एकच कारण तोलाच्या मुळाशी असावे असे दीर्घकाळ मानले जाई. परंतु डेल्फ्ट आणि कॉर्नेल येथील संशोधकांनी २०११ साली या दोहोंचाही परिणाम नाहीसा केलेली छोटी सायकल बनवून ती स्वतःहून सावरते हे दाखवून दिले. तोलाची कारणे कितीही असोत, वाहन ज्या बाजूला कलेल त्या बाजूला हँडल आपोआप वळले पाहिजे, एवढे त्यांतून ठळकपणे समोर आले. हँडलचे हे आपोआप वळणे ज्या दोषाने अडते, तो दोष तोलाच्या मुळावरच बसतो.

चेसिसच्या अगदी पुढच्या टोकाला, पेट्रोलच्या टाकीसमोर, एक जाड तिरपी नळी असते. सामान्य मोटारसायकलींत ती उभ्या रेषेपासून २४ ते २८ अंशांनी मागे झुकलेली असते, आणि तिच्या अक्षाची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर चाक जेथे टेकते त्या जागेच्या पुढे साधारण ८० ते ११० मिलिमीटरांवर जमिनीला मिळते. या अंतराला अभियंते ट्रेल म्हणतात. नळीच्या आतून एक दांडा जातो, पुढच्या शॉकअबच्या दोन्ही नळ्या धरून ठेवणाऱ्या पट्ट्या त्याला जोडलेल्या असतात, आणि नळीच्या दोन्ही तोंडांना पोलादी वाट्या ठोकून बसवलेल्या असतात. वाटी आणि तिच्यासमोरचा कोन यांच्यामध्ये गोल चर असतो, त्या चरात ग्रीसमध्ये बुडालेले पोलादी छर्रे बसतात, आणि वरून एक नट इतपतच आवळलेला असतो की दांडा हिंदकळू नये आणि अडूही नये. ही रचना सायकलकडून मोटारसायकलकडे आली व शंभराहून अधिक वर्षांत तिच्यात फारसा मूलगामी बदल झाला नाही. काही गाड्यांत छर्‍यांच्या जागी निमुळते रोलर आले, इतकेच. वरच्या जोडीवर भार थोडा असतो. खालची जोडी मात्र गाडीच्या पुढच्या भागाचे ओझे वाहते, प्रत्येक खड्ड्याचा आणि प्रत्येक गतिरोधकाचा दणका प्रथम झेलते, आणि पुढच्या चाकाने उडवलेले पाणीही तिच्याच तोंडाशी येते. म्हणून कोन सेट खराब होतो तेव्हा तो बहुधा खालूनच होतो.

चाकाचे बेअरिंग आणि हँडलचे बेअरिंग यांच्या आयुष्यांत मोठा फरक आहे. अठरा इंची चाक एका किलोमीटरला पाचशेहून अधिक फेरे घेते. त्याचा प्रत्येक छर्रा सतत जागा बदलतो, ग्रीस सतत कालवले जाते, आणि भाराचा घाव एका ठिकाणी पडत नाही. हँडलचे बेअरिंग सारे आयुष्य मध्यावरच्या दोन-चार अंशांत घालवते. छर्रा चरात जेथे बसला तेथेच बसून राहतो, दणका आला की त्याच्याखालचे ग्रीस बाजूला दाबले जाते, परत येण्याइतकी हालचाल होत नाही, आणि शेवटी पोलाद पोलादावर टेकते. पुढचा दणका मग सरळ चरावर बसतो. कडक गोळी धातूवर दाबून उमटलेल्या ठशावरून धातूचा कठीणपणा मोजण्याची पद्धत स्वीडनचे अभियंते योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० साली मांडली. मालवण तालुक्यातल्या खड्ड्यांमधून जाणारी प्रत्येक मोटारसायकल आपल्याच कोन सेटवर तीच परीक्षा नकळत घेत असते, आणि अशा ठशांनाही अभियांत्रिकीत ब्रिनेल यांचेच नाव लाभले आहे.

मात्र सगळे ठसे दणक्यांचे नसतात. चर आणि छर्रा यांच्यात केसाएवढी हालचाल पुन्हापुन्हा होत राहिली, आणि मध्ये ग्रीस उरले नाही, तर दोघांचे पृष्ठभाग एकमेकांना कुरतडतात, त्यातून निघालेली लोखंडाची बारीक भुकटी हवेतल्या प्राणवायूने गंजते, आणि ती गंजलेली भुकटीच पुढे कानशीप्रमाणे काम करते. १९३० च्या दशकात अमेरिकेत रेल्वेने लांबवर पाठवलेल्या नव्याकोऱ्या मोटारींच्या चाकांत असे खळगे आढळले होते. त्या मोटारी रस्त्यावर धावल्याच नव्हत्या, रेल्वेच्या डब्यातल्या थरथरीनेच त्यांची बेअरिंगे खाल्ली होती. स्टीअरिंगच्या कोन सेटमध्येही दणक्यापेक्षा हे कुरतडणेच अधिक नुकसान करते असे पुष्कळ अभियंत्यांचे मत आहे, आणि ते पटण्यासारखे आहे, कारण गुळगुळीत रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांचे कोन सेटही शेवटी मध्यावरच खराब होतात. उघडलेल्या खालच्या वाटीत सापडणारी तांबूस तपकिरी माती पाहून रस्त्याची धूळ आत गेली असे म्हटले जाते, आणि सिंधुदुर्गात हा गैरसमज अगदी सहज होतो, कारण इथला जांभा दगड ज्या लोहाच्या ऑक्साइडांमुळे तांबडा दिसतो त्याच कुळातले ऑक्साइड या भुकटीतही असते. ती भुकटी बोटांवर चोळली तर रस्त्याच्या मातीसारखी खरखरीत न लागता पिठासारखी मऊ लागते, आणि मग ती बाहेरून आलेली नसून त्या वाटीचाच झिजलेला अंश आहे हे कळते.

मालवणच्या किनाऱ्यावर या स्वाभाविक झिजेला दोन साथीदार मिळतात, एक पाऊस आणि दुसरा खार. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. त्या काळात पुढच्या चाकाने उडवलेला चिखलपाण्याचा फवारा खालच्या बेअरिंगवर तासन्‌तास आदळत राहतो. दांडी, धुरीवाडा, सर्जेकोट, तळाशील, देवबाग अशा वस्त्यांतून मासळीच्या पेट्या वाहणाऱ्या गाड्या किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूपर्यंत जातात, रात्री खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहतात, आणि मग त्या खारेपणाच्या धास्तीने त्यांना वरचेवर जोराच्या फवाऱ्याने धुतले जाते. ही धास्ती योग्य आहे, उपाय मात्र घातक ठरतो. कोन सेटच्या तोंडावरची रबरी किंवा पत्र्याची झाकणी पावसासाठी असते, पंपाच्या दाबासाठी नसते. थेट तेथे रोखलेला फवारा ग्रीस धुऊन काढतो आणि त्याच्या जागी मीठ विरघळलेले पाणी भरून ठेवतो. नळाच्या सौम्य पाण्याने गाडी धुणे हा या बाबतीत अधिक शहाणा मार्ग आहे. चाकरमान्यांच्या घरी गणपतीपासून शिमग्यापर्यंत आणि शिमग्यापासून मे महिन्यापर्यंत पडवीत हँडल लॉक करून उभ्या ठेवलेल्या गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांच्या छर्‍यांना महिनोन्‌महिने हालचाल नसते, ग्रीसमधले तेल निथळून जाते, आणि दमट हवेत छर्रे जेथे टेकलेले असतात तेथेच गंजाचे ठिपके पडतात. अशी गाडी कमी चाललेली आहे एवढ्यावरून तिचा कोन सेट चांगला असेल असे मानता येत नाही.

खळगे पडले की दोषाची खरी कथा सुरू होते, आणि ती ऐकताना भूगोल विसरून चालत नाही. छर्रे मध्यावरच्या खळग्यांत बसलेले असताना हँडल हलवायचे तर प्रत्येक छर्‍याला खळग्याच्या कडेवर चढावे लागते. गाडी किंचित कलते, पुढचे चाक वळू पाहते, पण कडेवर चढण्याइतका जोर अजून साठलेला नसतो, म्हणून ते वळत नाही. गाडी आणखी कलते, जोर पुरेसा होतो, छर्रे एकदम कडेपलीकडे जातात आणि हँडल हवे त्याहून अधिक वळते. चालक ते परत आणतो, आणि परतीच्या वाटेवर छर्रे पुन्हा खळग्यात पडतात. अंशभर अखंड हालचालीच्या जागी झटक्यांची मालिका येते, आणि सरळ रस्त्यावर गाडी कधी या अंगाला तर कधी त्या अंगाला डुलत राहते. वेग कमी असताना, विशेषतः गर्दीतून हळू जाताना, हे डुलणे सर्वांत अधिक जाणवते. वळणावर मात्र हँडल मध्यापासून दूर गेलेले असते, छर्रे खळगे सोडून चराच्या चांगल्या भागावर आलेले असतात, आणि तेथे गाडी अगदी सुरळीत चालते.

मालवणहून चौके, धामापूर, नेरूरपार असा कुडाळकडे जाणारा रस्ता असो की आचऱ्याकडे जाणारा किनारी रस्ता, तेथे लांब सरळ पट्टा क्वचितच मिळतो. एक वळण संपते न संपते तोच दुसरे सुरू होते. अशा रस्त्यांवर नेहमी चालणाऱ्या गाडीचा दोष वर्षभर लपून राहू शकतो. तीच गाडी कट्ट्यामार्गे कसालला जाऊन राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंद, सरळ काँक्रीटवर आली की हँडल मध्यावर स्थिरावते आणि दोष उघडा पडतो. चालकाच्या दृष्टीने मात्र गाव सोडेपर्यंत गाडी ठीक होती आणि महामार्गावर आल्यावर बिघडली, म्हणून तो रस्त्याला, बाजूने जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याला किंवा टायरला दोष देतो. परुळे-चिपीच्या उघड्या सड्यावर समुद्राकडून येणारा आडवा वारा खरोखरच गाडी ढकलतो, त्यामुळे तेथे झालेल्या डुलण्याचे खापर वाऱ्यावर फोडणे तर आणखी सोपे जाते. वारा आणि कोन सेट यांच्यातला भेद असा की वारा गाडीला एका बाजूला लोटतो आणि झोत थांबला की सोडतो. खळगा पडलेला कोन सेट दोन्ही बाजूंना सारखाच डुलवतो आणि वारा पडल्यावरही सोडत नाही.

या दोषाच्या निदानातली सर्वांत मोठी अडचण चालकाच्या हातात असते. खळगे एका दिवसात पडत नाहीत. ते महिन्यांच्या हिशेबाने खोल होतात, आणि तितक्याच सावकाश चालकाचे हात त्यांच्याशी जुळवून घेतात. तो नकळत हँडल अधिक घट्ट धरू लागतो, कमरेने तोल सांभाळू लागतो, गर्दीत लवकर पाय टेकू लागतो, आणि सायंकाळी खांदे दुखले तर ते वयावर किंवा रस्त्यांवर ढकलतो. शिडाच्या होडीवरचा मुरलेला तांडेल सुकाणू आवळून धरत नाही, पाण्याच्या ओढीला हात देत राहतो आणि त्या ओढीवरूनच होडीची चाल ओळखतो. कोन सेट बिघडलेल्या गाडीचा चालक ही ओळखण्याची वाट स्वतःच बंद करून घेतो, कारण आवळलेल्या मुठीला खालून येणारा निरोप कळत नाही. याच कारणाने, गाडी अचानक दुसऱ्याने चालवायला घेतली की त्याला पहिल्या फर्लांगातच ‘हँडल जड लागता’ असे म्हणावेसे वाटते, आणि मालकाला त्याचे म्हणणे पटत नाही. निदानाच्या कामात परक्या हाताच्या साक्षीला मालकाच्या अनुभवापेक्षा अधिक वजन द्यावे, असे म्हणण्यास येथे पुरेसा आधार आहे.

मालकाच्या हाताला सवयीतून सोडवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे गाडी रस्त्यावरून बाजूला घेऊन पुढच्या चाकावरचा भार काढणे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, इंजिनाखाली ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी करावे, आणि शॉकअबच्या नळ्या तळाशी दोन बोटांत धरून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अत्यंत सावकाश न्यावे. येथे सावकाशपणालाच सारे महत्त्व आहे, कारण झरकन फिरवलेले हँडल खळगे ओलांडून जाते आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. चांगल्या कोन सेटचे हँडल लोण्यातून फिरल्यासारखे जाते. खराब झालेल्याचे बरोबर मध्यावर आले की बोटांना बारीक ‘टक्‌’ जाणवते आणि चाक तेथे जणू स्वतःहून बसते. यानंतर चाक मध्यावर ठेवून हलकेच एका बाजूला टिचकी द्यावी. ते आपल्या भाराने त्या बाजूच्या टोकापर्यंत पडत जावे, आणि दुसऱ्या बाजूलाही तसेच पडावे. मध्यावर अडले तर खळगे आहेत, सगळीकडेच जड फिरले तर नट जास्त आवळलेला आहे किंवा ग्रीस सुकले आहे. मात्र क्लच, अ‍ॅक्सिलरेटर आणि दिव्यांच्या वायरी हँडलबरोबर वळतात आणि चुकीच्या मार्गाने नेलेल्या असल्या तर त्याही अडवतात, म्हणून त्या सैल करून एकदा खात्री करणे आवश्यक असते. अडथळा टोकाजवळ आल्यावर वाढत गेला तर तो बहुधा वायरींचा असतो, मध्यावरच असला तर कोन सेटचा.

ढिलेपणाची परीक्षा निराळी असते. नट सैल झाला की पुढचा ब्रेक लावताना ‘ठक्‌’ असा आवाज येतो, खड्ड्यावरून जाताना तोच आवाज टाकीखालून आल्यासारखा वाटतो, आणि वेग ताशी साठच्या आसपासहून खाली येत असताना हँडलवरचा एक हात सोडला तर हँडल थरथरू लागते. चाक अधांतरी असताना नळ्यांची खालची टोके पुढे-मागे ढकलून हा ढिलेपणा शोधतात. पण शॉकअबच्या आतले बुश झिजले असले तरी असाच खुळखुळ होतो, म्हणून दुसऱ्या हाताचे बोट कोन आणि चेसिसची नळी यांच्या सांध्यावर ठेवावे लागते. हालचाल बोटाखाली जाणवली तर दोष कोन सेटचा, बोटाखाली सांधा स्थिर राहून टोके हलली तर शॉकअबचा. टायरमधली हवा, मध्यावर सपाट झालेला मागचा टायर, चेन ताणताना वाकडे बसलेले मागचे चाक, चाकाचे बेअरिंग आणि मागच्या दांड्याचे बुश यांनीही गाडी ओढते किंवा डुलते, आणि हे सारे तपासायला कोन सेट उघडण्यापेक्षा कमी श्रम लागतात. म्हणून शहाणा कारागीर तेथून सुरुवात करतो.

गॅरेजांतून सर्रास दिसणाऱ्या एका उपायाविषयी येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. हँडल थरथरते अशी तक्रार आली की पुष्कळ ठिकाणी वरचा नट अर्धा-पाऊण फेरा आवळून गाडी परत दिली जाते, आणि तक्रार खरोखरच थांबते. ती थांबण्याचे कारण असे की घर्षण वाढले की वेगवान थरथर दबते. पण शार्प यांच्या अभ्यासापासून हेही ज्ञात आहे की थरथर दाबणारी हँडलवरची अडवणूक संथ डुलण्याला मात्र मदत करू शकते. मालकाला एका दोषाच्या बदल्यात दुसरा दोष मिळतो, आणि दुसरा दोष संथ, सवयीत मुरणारा असल्याने मालक गॅरेजमध्ये परत येत नाही. खळगे पडलेल्या सेटवर नट आवळणे तर अधिकच वाईट, कारण त्याने छर्रे खळग्यांत आणखी घट्ट रुततात. मागच्या चाकाच्या मागे मासळीच्या जड पेट्या बांधलेल्या गाडीला हा उपाय विशेष बाधतो. मागच्या ओझ्याने पुढचे चाक आधीच हलके झालेले असते, डुलण्याकडे गाडीचा कल आधीच वाढलेला असतो, आणि त्यात हँडलही अडले तर पावसाळी रस्त्यावर सावरायला फारसे काही हाती उरत नाही. हा काटकसरीचा उपाय नाही. तो दोष झाकण्याचा प्रकार आहे.

खरे काम कष्टाचे असते. हेडलाइट, हँडल, चाक आणि शॉकअब उतरवून दांडा खाली काढावा लागतो, जुन्या वाट्या नळीच्या आतून सुंभ्याने चहूबाजूंनी थोड्या थोड्या ठोकून बाहेर काढाव्या लागतात, आणि नव्या वाट्या तितक्याच सरळ बसवाव्या लागतात. एक बाजू आधी आत गेली तर नव्या सेटचे आयुष्य सुरू होण्यापूर्वीच कमी होते. केवळ छर्रे बदलून जुन्या वाट्या ठेवण्यात अर्थ नसतो, कारण खळगे वाट्यांत आणि कोनांत असतात. छर्‍यांची संख्या प्रत्येक गाडीसाठी ठरलेली असते, आणि चरात आणखी एक छर्रा मावेल अशी जागा दिसली म्हणून तो घालणे चुकीचे आहे. ती मोकळीक फिरण्यासाठीच ठेवलेली असते. खाऱ्या हवेत पाण्याला दाद न देणारे, बोटींसाठी वापरले जाते तसे, ग्रीस चांगले भरावे. नट प्रथम जोरात आवळून छर्रे बसवावे, हँडल अनेकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे, मग नट सोडून हळुवार पुन्हा आवळावा, आणि वरची पट्टी व तिचा मोठा नट घट्ट केल्यावर तीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण त्या शेवटच्या आवळण्याने खालचे गणित बदलते. नवे भाग बसत असताना किंचित जागा सोडतात, म्हणून काही शे किलोमीटरांनंतर एकदा तपासणी करणारा कारागीर आपले काम पूर्ण करतो असे म्हणावे. निमुळत्या रोलरांचा सेट बसवला तर भार बिंदूऐवजी रेषेवर पसरतो आणि खळगे पडायला अधिक काळ लागतो. मालवणी किनाऱ्यावर रोज ओझे वाहणाऱ्या गाडीसाठी, तो मिळत असेल तर, त्याचा जादा खर्च वाजवी आहे.

या कामाचा कस ओळखायला मालकाला यंत्रविद्या यावी लागत नाही. काढलेल्या वाट्या मागून घ्याव्यात, पुसून उजेडात धराव्यात, आणि चरातून नख फिरवावे. छर्‍यांच्या अंतराने नख अडकत गेले तर पैसे योग्य कामाला गेले. कुंभारमाठ येथील शासकीय तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलांच्या हातांतही असा एखादा काढलेला सेट अवश्य द्यावा, कारण ब्रिनेल यांची पुस्तकातली परीक्षा आणि त्यांच्या स्वतःच्या गाडीचे डुलणे यांचा संबंध त्या एका नखात त्यांना कळेल.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै या काळात बंद असते, आणि मेअखेरीस पर्यटकांचा हंगामही आटोपतो. मासळी वाहणाऱ्या आणि पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांचे ओझे त्या सुमारास उतरू लागलेले असते, आणि पावसाचे पाणी आत शिरण्याआधी ताजे ग्रीस भरण्यालाही हीच वेळ योग्य असते. म्हणून प्रत्येक गाडीवाल्याने मेच्या शेवटच्या आठवड्यात पुढचे चाक एकदा उचलून हँडल सावकाश फिरवून पाहावे, मध्यावर बोटांना काही अडले तर नट आवळून घेऊ नये, आणि कोन सेट उघडूनच घ्यावा.